काही वेबसाइट उघडतात, काही उघडत नाहीत: घरच्या संगणकातील दोष पायरीपायरीने कसा शोधावा

गूगल उघडते, यूट्यूबवरचा व्हिडिओ विनाअडथळा चालतो, मात्र बँकेची साइट, विमा कंपनीचे पान किंवा सातबारा पाहण्यासाठी महाभूलेख उघडायला गेले की पान कोरेच राहते किंवा एखादी इंग्रजी सूचना येऊन सगळे थांबते, अशी तक्रार घरगुती संगणकाबाबत वारंवार ऐकू येते. अशा वेळी राउटर बंद-चालू करणे, ब्राउझर काढून पुन्हा टाकणे आणि शेवटी संगणक फॉरमॅट करून घेणे, हा क्रम सर्रास चालतो. तो टाळायलाच हवा. फॉरमॅट करताना वर्षानुवर्षांचे फोटो आणि कागदपत्रे धोक्यात येतात, आणि दोष राउटरमध्ये किंवा इंटरनेट कंपनीकडे असेल तर एवढे करूनही तो जागचा हलत नाही.

काही साइट उघडतात हाच या तक्रारीतील सर्वांत उपयोगी पुरावा आहे. वायर, वाय-फाय, राउटर आणि इंटरनेट जोडणी चालू आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते. मग शक्यता थोड्याच उरतात: साइटच्या नावावरून तिचा अंकी पत्ता मिळत नसेल किंवा चुकीचा मिळत असेल, सुरक्षा प्रमाणपत्राची (साइट खरी आहे हे दाखवणाऱ्या डिजिटल ओळखपत्राची) पडताळणी अडत असेल, एखादा प्रोग्राम किंवा सेटिंग मध्येच अडवत असेल, मोठी डेटा पॅकेट (माहिती ज्या तुकड्यांत पाठवली जाते ते तुकडे) वाटेत हरवत असतील, संगणकाची प्रणाली (विंडोजची आवृत्ती) फार जुनी झाली असेल, किंवा साइटच बंद असेल. यांपैकी नेमके काय घडते आहे हे ठरेपर्यंत कोणतेही सेटिंग बदलू नये. बदल करायची वेळ आली की एका वेळी एकच करावा, आधीचे मूल्य कागदावर लिहून ठेवावे, आणि उपयोग झाला नाही तर ते पूर्ववत करूनच पुढे जावे. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि साइट उघडली, तर दोष कशात होता हे कळत नाही आणि महिनाभराने तो परत आला की सगळे पहिल्यापासून करावे लागते.

पहिली चाचणी: दोष कोणाकडे आहे

या चाचणीला स्मार्टफोन पुरेसा आहे. फोनवरचा मोबाइल डेटा बंद करा, फोन घरच्या वाय-फायला जोडा आणि न उघडणारी साइट उघडून पाहा. मोबाइल डेटा बंद करणे आवश्यक आहे, कारण वाय-फाय अडखळले की अनेक फोन न सांगता मोबाइल डेटावर जातात आणि चाचणी फसवी ठरते. त्यानंतर वाय-फाय बंद करून फक्त मोबाइल डेटावर तीच साइट पाहा.

वाय-फायवर फोनमध्ये साइट उघडली आणि संगणकावर उघडत नाही, तर दोष संगणकात आहे. वाय-फायवर दोन्हीकडे उघडत नाही, पण मोबाइल डेटावर उघडते, तर दोष राउटरमध्ये किंवा ब्रॉडबँड कंपनीच्या जाळ्यात आहे; संगणकात दोष शोधत बसू नका, पुढचे डीएनएसचे आणि पॅकेटच्या आकाराचे भाग तेवढे पाहा. तिन्ही ठिकाणी उघडत नसेल तर बहुधा साइटच बंद आहे किंवा तिच्यावर भार आला आहे. दहावी-बारावीचा निकाल लागतो त्या दुपारी लाखो विद्यार्थी एकाच वेळी निकालाची साइट उघडू पाहतात, तेव्हा ५०३ किंवा ५०४ क्रमांकाची सूचना येते. ती साइटच्या सर्व्हरकडून आलेली असते आणि थांबण्यावाचून त्यावर घरबसल्या उपाय नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक शक्यता लक्षात घ्यावी. भारतातील अनेक सरकारी साइट सुरक्षेच्या कारणास्तव देशाबाहेरून आलेली विनंती नाकारतात, त्यामुळे पुण्यात उघडणारे पान न्यू जर्सीत किंवा दुबईत उघडत नाही. त्यात संगणकाचा दोष नसतो. उलट दिशेने, संगणकावर व्हीपीएन, म्हणजे आपली जोडणी दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्गे नेणारा प्रोग्राम, चालू असेल तर भारतात बसूनही तुम्ही परदेशातून आल्यासारखे दिसता आणि तीच साइट अडते. म्हणून व्हीपीएन असेल तर पुढची प्रत्येक चाचणी ते पूर्ण बंद करूनच करावी.

दुसरी चाचणी: ब्राउझर

दोष संगणकात आहे असे ठरल्यावर तीच साइट दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहा. विंडोजमध्ये एज आधीपासून असतोच. तिथे उघडली तर आपल्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन या तीन कळा एकत्र दाबून खासगी खिडकी उघडा आणि साइट पुन्हा पाहा. फायरफॉक्समध्ये एन ऐवजी पी दाबावे लागते. खासगी खिडकीत साइट उघडली, तर जुन्या कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये साठवलेल्या नोंदी) किंवा एखादे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) कारणीभूत आहे. पत्त्याच्या पट्टीत डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या साइटचा साठवलेला डेटा पुसा. सगळ्या साइटचा डेटा पुसू नका, नाहीतर प्रत्येक ठिकाणी नव्याने लॉगिन करत बसावे लागेल. पान पुन्हा पुन्हा स्वतःकडेच वळते आहे अशी सूचना येत असेल, तर हा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो. त्याने भागले नाही तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा. जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन बँकांच्या आणि पेमेंटच्या पानांवर बऱ्याचदा आडवी येतात, त्यामुळे सुरुवात त्यांच्यापासून करावी.

सूचनेतील शब्द वाचा

पान उघडले नाही की लोक खिडकी लगेच बंद करतात. तसे न करता खाली बारीक अक्षरांत आलेली ओळ वाचावी, शक्यतो फोनवर तिचा फोटो घ्यावा, कारण पुढचा मार्ग तिच्यावरून ठरतो. त्या ओळीत डीएनएस किंवा एनएक्स-डोमेन हे शब्द असतील, तर नावावरून पत्ता मिळत नाही. सर्ट, सर्टिफिकेट, प्रायव्हेट किंवा डेट यांपैकी शब्द असतील, तर प्रमाणपत्राची अडचण आहे. प्रॉक्सी हा शब्द सरळ प्रॉक्सीच्या, म्हणजे आपली विनंती स्वतःमार्गे पुढे पाठवणाऱ्या मधल्या सर्व्हरच्या, सेटिंगकडे बोट दाखवतो. टाइम्ड आउट किंवा रीसेट असे असेल, तर विनंती गेली पण उत्तर आले नाही किंवा जोडणी मध्येच तुटली, म्हणजे अडवणारा प्रोग्राम, राउटर किंवा पॅकेटचा आकार तपासावा लागेल. ४०३ हा क्रमांक साइटने प्रवेश नाकारला असे सांगतो आणि ४०४ म्हणजे ते पान त्या पत्त्यावर नाही. ४०४ च्या बाबतीत पत्ता चुकीचा टाइप झाला आहे का, किंवा जुन्या बुकमार्कवरून आपण गेलो आहोत का, एवढेच पाहायचे असते.

प्रमाणपत्राची सूचना आणि संगणकाचे घड्याळ

प्रत्येक सुरक्षित साइटचे प्रमाणपत्र एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंतच वैध असते आणि आजची तारीख त्या मुदतीत बसते का, हे ब्राउझर संगणकाच्या घड्याळावरून ठरवतो. घड्याळ काही वर्षे मागे गेले तर जवळजवळ सगळ्याच साइट अडतात, म्हणून ती चूक लवकर लक्षात येते. घड्याळ महिनाभरच मागे असले तर मात्र गोंधळ होतो. जिचे प्रमाणपत्र सहा महिन्यांपूर्वीचे आहे ती साइट उघडते आणि जिने गेल्या आठवड्यात नवे प्रमाणपत्र घेतले ती अडते, कारण संगणकाच्या लेखी त्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नसते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रे असंख्य साइट वापरतात आणि ती साधारण ९० दिवसांची असतात, म्हणजे सतत नवी होत राहतात. ‘कालपर्यंत उघडत होती, आजच काय झाले’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा इथे सापडते.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज या विभागात जाऊन डेट अँड टाइम उघडा. वेळेचा पट्टा चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली हा, म्हणजे ५ तास ३० मिनिटे पुढे, असा हवा. वर्षासकट तारीख नीट पाहा. लोक तास-मिनिटे पाहतात आणि वर्षाकडे लक्ष देत नाहीत. घड्याळ फार मागे असेल तर आधी तारीख हाताने लावा आणि मग सिंक नाऊ हे बटण दाबा.

डेस्कटॉपची तारीख प्रत्येक वेळी वीज गेल्यावर किंवा भिंतीवरचे बटण बंद केल्यावर मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची, म्हणजे संगणकातील मुख्य सर्किट बोर्डवरची, छोटी बॅटरी संपलेली आहे. ती नाण्याच्या आकाराची, ३ व्होल्टची असते, तिच्यावर सीआर २०३२ असे कोरलेले असते आणि ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. संगणक बंद करून वायर सॉकेटमधून काढा आणि कॅबिनेटची बाजूची पत्री उघडा. बॅटरी ज्या गोल खाचेत बसलेली असते तिच्या कडेला एक छोटी धातूची पट्टी असते. ती नखाने हलकेच बाहेर ढकलली की बॅटरी आपोआप वर उचलली जाते. नवी बॅटरी अधिक चिन्ह वर ठेवून बसवा. संगणक सुरू केल्यावर तारीख एकदा लावावी लागते. लॅपटॉपमध्ये हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

घड्याळ बरोबर असूनही प्रमाणपत्राची सूचना येत असेल तर दोन कारणे पाहावीत. पहिले म्हणजे अँटिव्हायरस. काही अँटिव्हायरस सुरक्षित जोडणी मध्येच उघडून तपासतात आणि साइटच्या प्रमाणपत्राच्या जागी स्वतःचे प्रमाणपत्र ठेवतात. ब्राउझरमध्ये प्रमाणपत्राचा तपशील उघडून ते देणाऱ्याच्या जागी अँटिव्हायरसचे नाव दिसले, तर त्या प्रोग्राममधील एचटीटीपीएस स्कॅनिंग थोडा वेळ बंद करून पाहा. दुसरे म्हणजे जुनी प्रणाली. विश्वासार्ह संस्थांच्या मूळ प्रमाणपत्रांची यादी संगणकात असते आणि तिचीही मुदत संपते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्टला आधार देणारे एक जुने मूळ प्रमाणपत्र संपले, तेव्हा अपडेट न झालेली अनेक जुनी उपकरणे एका दिवसात असंख्य साइटपासून तुटली.

यांपैकी काहीही असो, बँक, डीमॅट किंवा कराच्या साइटवर आलेली प्रमाणपत्राची सूचना ‘तरीही पुढे जा’ असे म्हणून ओलांडू नका. मध्ये कोणी खोटे पान दाखवत असेल तर ते सांगणारी तेवढीच एक खूण ब्राउझरकडे असते.

नावावरून पत्ता मिळत नसेल तर

साइटचे नाव टाइप केल्यावर संगणक डीएनएस सर्व्हरला तिचा अंकी पत्ता विचारतो. बहुतेक घरांत हा सर्व्हर ब्रॉडबँड कंपनीचा असतो आणि तो काही नावांचा जुना पत्ता देत राहिला किंवा उत्तरच दिले नाही, तर नेमक्या तेवढ्याच साइट बंद पडतात. आधी संगणकाने साठवलेले पत्ते पुसावेत. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. तिरक्या रेघेआधी एक मोकळी जागा सोडायची, नंतर नाही.

तेवढ्याने झाले नाही तर डीएनएस सर्व्हर बदलून पाहा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज या क्रमाने जा. डीएनएस सर्व्हर असाइनमेंटसमोरचे एडिट दाबा, मॅन्युअल निवडा, आयपीव्ही४ चालू करा आणि पहिल्या चौकटीत १.१.१.१ व पर्यायी चौकटीत १.०.०.१ इंग्रजी अंकांत लिहा. हे क्लाउडफ्लेअरचे सर्व्हर आहेत. गूगलचे ८.८.८.८ आणि ८.८.४.४ हेही चालतात. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडल्यावर साइट आली तर दोष सापडला. क्रोममध्ये सिक्युअर डीएनएस नावाचे वेगळे सेटिंगही असते. ते चालू असल्यास विंडोजमधील बदलाचा क्रोमवर परिणाम दिसणार नाही, म्हणून तेही पाहावे.

मात्र साइटच्या जागी दूरसंचार विभागाच्या आदेशाने ती रोखल्याची सूचना दिसत असेल, तर तो बिघाड नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९अ नुसार सरकार साइट रोखण्याचा आदेश देऊ शकते आणि इंटरनेट कंपन्यांना तो पाळावा लागतो.

हॉस्ट्स फाइल, प्रॉक्सी आणि घातक प्रोग्राम

डीएनएसला विचारण्याआधी विंडोज आपल्याच एका साध्या मजकूर फाइलमधील नोंदी विचारात घेते. सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी अशा क्रमाने गेल्यावर हॉस्ट्स नावाची ही फाइल सापडते. नोटपॅड प्रशासकाच्या अधिकाराने उघडून तीत पाहा. नव्या विंडोजमध्ये तिच्या प्रत्येक ओळीची सुरुवात # या चिन्हाने होते, म्हणजे त्या ओळी केवळ माहितीसाठी असतात. चिन्ह नसलेल्या ओळीत १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० हा आकडा आणि त्यापुढे साइटचे नाव असेल, तर ती साइट याच संगणकावर अडवलेली आहे. पायरेटेड सॉफ्टवेअर बसवताना अशा ओळी घातल्या जातात. फाइलची एक प्रत बाजूला ठेवून त्या ओळी काढा. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र तिला हात न लावता तिथल्या आयटी विभागाला विचारा.

प्रॉक्सीचे सेटिंगही तिथल्या तिथे पाहून घ्यावे. नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये प्रॉक्सी उघडा. घरच्या संगणकावर हाताने लावलेली प्रॉक्सी सहसा नसते. तुम्ही न लावलेली प्रॉक्सी तिथे चालू दिसली तर ती बंद करा आणि ती कोणी लावली याचा संशय घ्या.

न उघडणाऱ्या साइटची यादीही बोलकी असते. फक्त अँटिव्हायरस कंपन्यांच्या आणि मायक्रोसॉफ्ट अपडेटच्या साइट अडत असतील, तर घातक प्रोग्रामची शक्यता सर्वांत आधी धरावी. २००८ मध्ये पसरलेला कॉन्फिकर हा वर्म, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, हेच करत असे, जेणेकरून त्याला काढणारे साधन डाउनलोडच करता येऊ नये. डीएनएस-चेंजर हा दुसरा घातक प्रोग्राम संगणकाचे, आणि काही वेळा राउटरचेही, डीएनएस सेटिंग बदलून लोकांना भलत्या साइटवर नेत असे. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने तो चालवणारी टोळी उघडकीस आणली आणि तिच्या सर्व्हरच्या जागी ठेवलेले तात्पुरते सर्व्हर ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले. तोपर्यंत साफ न केलेल्या अनेक संगणकांवरील इंटरनेट त्यामुळे बंद पडले. असा संशय असेल तर विंडोज सिक्युरिटीमधील व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये स्कॅन ऑप्शन्स उघडून ऑफलाइन स्कॅन निवडा. संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणारा प्रोग्रामही सापडू शकतो. राउटरच्या पानावर जाऊन तिथलेही डीएनएस पत्ते तपासा, आणि त्याचा पासवर्ड अजून कारखान्यातलाच असेल तर तो लगेच बदला.

पान फिरत राहते, पण सूचना येत नाही: पॅकेटचा आकार

हा दोष सर्वांत कमी ओळखला जातो आणि ‘काहीच साइट’ या तक्रारीशी तो तंतोतंत जुळतो. टॅबवर साइटचे नाव येते किंवा जोडणी झाल्याचे दिसते, पण पान पुढे सरकत नाही आणि बऱ्याच वेळाने टाइम्ड आउट येते. छोटी पॅकेट जातात आणि मोठी हरवतात, असा त्याचा अर्थ असतो.

इथर्नेटवर, म्हणजे तारेच्या नेहमीच्या जोडणीवर, एक पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइटचे असते. ज्या ब्रॉडबँड जोडणीत राउटरमध्ये वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड भरून पीपीपीओई पद्धतीने लॉगिन होते, तिथे प्रत्येक पॅकेटमधील ८ बाइट त्या पद्धतीला लागतात आणि उरतात १४९२. समोरच्या सर्व्हरने १५०० बाइटचे पॅकेट पाठवले की ते वाटेत अडते आणि ‘पॅकेट लहान करा’ असा निरोप त्या सर्व्हरकडे परत जायला हवा. काही साइटच्या फायरवॉल (नको ती रहदारी अडवणाऱ्या यंत्रणा) हे निरोप सरसकट अडवतात. मग सर्व्हर तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि आपले पान फिरत राहते. ज्या साइट निरोप ऐकतात किंवा मुळातच लहान पॅकेट पाठवतात, त्या नेहमीसारख्या उघडतात.

तपासणी सोपी आहे. काळ्या खिडकीत इंग्रजी लहान अक्षरांत ‘पिंग -एफ -एल १४७२ १.१.१.१’ ही आज्ञा द्या. एफ म्हणजे पॅकेटचे तुकडे करू नका आणि एल म्हणजे आकार. १४७२ मध्ये शीर्षकांचे २८ बाइट मिळवले की १५०० होतात. उत्तर आले तर तुमच्या जोडणीतून पूर्ण आकाराचे पॅकेट जाते. फ्रॅगमेंटेड हा शब्द असलेली सूचना आली किंवा उत्तरच आले नाही, तर आकडा १४६४ करून पाहा. त्यालाही उत्तर नसेल तर दहा-दहाने कमी करत जा. ज्या सर्वांत मोठ्या आकड्याला उत्तर येते, त्यात २८ मिळवले की तुमच्या जोडणीचा खरा एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, मिळतो. पीपीपीओईवर तो बहुधा १४९२ निघतो.

हा आकडा राउटरच्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) विभागात एमटीयू या चौकटीत भरा. राउटरचे पान बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर उघडते. हा बदल संगणकावर न करता राउटरमध्ये केलेला बरा, कारण तो घरातल्या सर्व उपकरणांना लागू पडतो. पॅकेटचा आकार आपोआप मर्यादेत ठेवणारा एमएसएस क्लॅम्पिंग असा पर्याय राउटरमध्ये दिसला तर तो चालू ठेवा.

राउटरमध्येच पालक-नियंत्रणाची यादीही असते. मुलांसाठी कधीतरी लावलेले निर्बंध विसरले गेलेले असू शकतात. आयपीव्ही६ ची (अंकी पत्त्यांच्या नव्या पद्धतीची) जोडणी अर्धवट चालत असेल तरीही मोजक्याच साइट अडतात. नेटवर्क अडॅप्टरच्या गुणधर्मांत त्याची खूण काढून पाहता येते, पण ते केवळ चाचणीपुरते. चाचणी झाल्यावर खूण परत लावा आणि दोष तिथे दिसला तर कंपनीला कळवा.

जुना संगणक आणि जुन्या साइट

विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट, १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ आहे. असा संगणक आज काही साइट उघडेल आणि उद्या त्यांतल्या आणखी काही बंद होतील. तिथे सेटिंग शोधण्यात वेळ घालवू नये; प्रणाली बदलणे हाच उपाय आहे. विंडोज १० चाही सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यावर साइट अजून उघडतात, पण बँकेचे व्यवहार करणाऱ्याने पुढची सोय करायला हवी. याउलट एखादी जुनी कार्यालयीन साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट दिसत असेल, तर एजच्या सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ब्राउझर विभागात इंटरनेट एक्सप्लोरर मोड सुरू करून ती उघडता येते.

एवढे करूनही साइट उघडली नाही तर

दोष संगणकातच आहे अशी खात्री असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधील नेटवर्क रीसेट करावे. त्याआधी वाय-फायचा पासवर्ड आणि व्हीपीएन किंवा हाताने लावलेल्या आयपी पत्त्यांचे तपशील लिहून ठेवा, कारण ते पुसले जातात. फाइल आणि फोटो यांना त्याने धक्का लागत नाही.

दोष कंपनीच्या जाळ्यात असेल तर तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ असे सांगू नका, कारण समोरचा वेग तपासेल, तो बरोबर निघेल आणि तक्रार बंद होईल. अमुक साइट घरच्या वाय-फायवर दोन उपकरणांत उघडत नाही, मोबाइल डेटावर उघडते, डीएनएस बदलूनही फरक पडला नाही, पिंगला इतक्या आकारापर्यंत उत्तर येते आणि सूचनेचा फोटो सोबत जोडला आहे, असे लेखी कळवा. अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक अंकी पत्ता वाटून दिला जातो, तेव्हा दुसऱ्या कोणाच्या गैरवापरामुळे तो पत्ता एखाद्या साइटने अडवलेला असू शकतो. साइटवर प्रवेश नाकारल्याची सूचना येत असेल तर ही शक्यता कंपनीला नावानिशी विचारा. तक्रारीचा डॉकेट (नोंदणी) क्रमांक मागून घ्या. उत्तराने समाधान झाले नाही, तर त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे दाद मागता येते.